फोन घ्यायचाय? आधी पाढे म्हणा

नवा फोन घ्यायचं मनात असेल तर एक पथ्य पाळा: घेण्याआधी तो हातात धरून बघू नका. हातात धरला की माणूस बिघडतो. वजन जाणवतं, अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही हे कळतं, शर्टाच्या खिशातून फोन निम्मा बाहेर डोकावतो, आणि मग नको ते प्रश्न सुचायला लागतात. त्यापेक्षा घरी बसा, दोन फोनांचे आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडा आणि ज्याच्या बाजूला मोठे आकडे जास्त, तो घेऊन टाका. स्थळं बघताना पगार, उंची आणि फ्लॅटचे स्क्वेअर फूट बघतोच ना आपण? संसार काय, नंतर होतो.

सुरुवात पडद्यापासून करा. पडदा इंचांत मोजतात, तोही तिरका, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. हा तिरकेपणा लक्षात ठेवा आणि लगेच विसरून जा. कारण पट्टी घेऊन बसलात तर घोळ होतो. दहाएक वर्षांपूर्वीचा साडेपाच इंची फोन १६:९ आकाराचा असायचा, त्याची रुंदी भरते साधारण ६.८५ सेंटिमीटर. आजचा साडेसहा इंची फोन २०:९ चा असतो, त्याची रुंदी ६.७८. म्हणजे पडदा अख्खा एक इंच वाढला आणि रुंद व्हायच्या ऐवजी चिमूटभर आक्रसला. वाढ सगळी उंचीत गेली, नववीतल्या पोरासारखी. पण ही आकडेमोड चारचौघांत करू नका. ‘साडेसहा’ म्हणायचं आणि थांबायचं.

लहान पडद्याची बाजू घेणाऱ्यांकडे तर लक्षच देऊ नका. २००७ चा पहिला आयफोन साडेतीन इंची होता आणि तेव्हा तो मोठा वाटला होता. २०११ मध्ये सॅमसंगचा ५.३ इंची गॅलेक्सी नोट आला, तेव्हा कानाला पाटी लावल्यासारखं दिसतं म्हणून लोक हसले. आज ५.३ इंची फोन मागितलात तर दुकानदार हसेल.

कॅमेऱ्याकडे वळू. १०८ मेगापिक्सेलचा घ्या. त्यात नऊ बारीक पिक्सेल एकत्र येऊन एक मोठा पिक्सेल होतो आणि नेहमीचा फोटो निघतो १२ मेगापिक्सेलचा. नऊ जणांनी मिळून एक मत द्यायचं, आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं. (तिथे तेवढंही होत नाही.) यामागे कारण आहे, अंधारात त्याने फोटो बरा येतो. पण खोक्यावर १२ कोण छापणार? मुख्य कॅमेऱ्याच्या शेजारी अगदी जवळून फोटो काढायचा २ मेगापिक्सेलचा एक ‘मॅक्रो’ही असतो. त्याने तुम्ही एकदाच, खरेदीच्या दिवशी, जास्वंदीचा फोटो काढाल. तो असू द्या. पाठीवर तीन डोळे असले की लग्नात बरं दिसतं.

रॅमच्या, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीच्या, बाबतीत मात्र आपण मुंबई-पुण्याकडचे लोक जगाच्या पुढे आहोत. खोक्यावर ‘८+८ जीबी’ लिहिलेलं असतं. पहिले आठ खरे आणि दुसरे आठ फोनच्या साठवणुकीतून उसने घेतलेले, बऱ्यापैकी संथ. बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. कार्पेट आणि सुपर बिल्टअप यांतला फरक भोगून फ्लॅट घेतलेल्या माणसाला नाही. जिना, लिफ्ट आणि गॅलरीचे पैसे मोजून आपण ‘टू बीएचके’त राहतोच की.

प्रोसेसर, म्हणजे फोनचा मेंदू, ‘४ नॅनोमीटर’चा असेल तर उत्तम. कधीकाळी तो आकडा चिपमधल्या एका खऱ्या मापाचा होता. आता त्याचा कुठल्याही प्रत्यक्ष मापाशी थेट संबंध उरलेला नाही, ते घराण्याचं नाव आहे. देशमुखांना आज देशमुखी दाखवा म्हटलं तर कुठून आणायची? तसंच हे. मग वेगाच्या चाचणीचे गुण बघा, सहा-सात आकडी असतात. २०१३ मध्ये अ‍ॅनंडटेक या तंत्रज्ञानाच्या संकेतस्थळाने उघड केलं की बड्या कंपन्यांचे फोन चाचणीचं अ‍ॅप ओळखतात आणि तेवढ्यापुरता जास्तीचा जोर लावतात. शाळेत साहेब तपासणीला आले की आम्हीही हाताची घडी घालून बसायचो आणि पाढे पाठ असलेला एकच मुलगा पहिल्या बाकावर आणला जायचा. शाळेला ‘अ’ दर्जा मिळाला. मुद्दा संपला.

आकडे सगळेच पोकळ असतात असं नाही. ६४ जीबीचा फोन घेणाऱ्याने आधी नातेवाइकांचा ग्रुप सोडावा, हे मीही मानतो. आणि तक्त्यात अगदी खाली एक ओळ असते: सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळणार. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षं कबूल केली. स्वस्त फोनांत बऱ्याचदा दोन-तीन. ही ओळ वाचायची नाही. दोन वर्षांनी मला पुन्हा तक्ता करायचा असतो, माझ्या पोटावर पाय देऊ नका.

तक्ता म्हणजे, माझ्या तक्त्याला घरात मान आहे. गेल्या दिवाळीत आईसाठी फोन घेतला तेव्हा मी सतरा रकाने केले होते. चार फोन, सतरा रकाने, जिंकलेल्या खान्याला हिरवा रंग. आईला दाखवला. तिने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “ह्यात आवाज मोठा येतो का?”

तो रकाना नव्हता. मी म्हटलं, “आई, ह्याचा रिफ्रेश रेट १२० हर्ट्झ आहे. पडद्यावरचं चित्र सेकंदाला १२० वेळा नवं होतं.”

“बरं,” आई म्हणाली.

स्टेशनजवळच्या दुकानात पोराने खोकं उघडलं, ‘११डी’ काच लावून दिली (आपण राहतो त्या जगाला तीनच मिती आहेत, पण काचेला अकरा) आणि आम्ही ६.७ इंची ऐवज घेऊन घरी आलो. पंधरा दिवसांनी गेलो तर आईने अक्षरांचा आकार शेवटच्या टोकापर्यंत वाढवला होता. जुन्या फोनवर मावशीच्या मेसेजच्या सात ओळी दिसायच्या. नव्यावर मोजल्या, सातच. पडद्याखालचा बोटांच्या ठशाचा स्कॅनर तिला ओळखत नव्हता. चाळीस वर्षं भांडी घासून ठसे गुळगुळीत झालेत, तो बिचारा काय ओळखणार. म्हणून तिने पिन एका चिठ्ठीवर लिहून कव्हरमध्ये, फोनच्या पाठीमागे नीट घडी करून ठेवला होता. वर ‘फोनचा नंबर’ असं शीर्षकही दिलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. तो फ्रिजवरचा जुना होता.

“अगं, सिम ह्यात टाकलं होतं ना?”

“परत त्यात घातलं. वरच्या काकूंच्या नातवाने घालून दिलं. त्यात आवाज मोठा येतो,” आई कणकेचा हात पदराला पुसत म्हणाली. “पण हा चांगलाय रे. मालिका काय छान दिसते!”

नवा फोन ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकून आडवा उभा होता. मालिकेतली सून रडत होती, १२० हर्ट्झमध्ये. आई पोळी लाटता लाटता जरा पुढे वाकून बघत होती.

सध्या मी तिच्यासाठी टॅब बघतोय. अकरा इंची. तक्ता झालाय, एकोणीस रकाने आहेत.