रिझर्व्ह बँकेने कोणाचीही दलाली ठरवून दिलेली नाही

भांडुपला खानावळ चालवणाऱ्या माझ्या आत्याने गेल्या आठवड्यात मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पाठवला आणि खाली लिहिले, "हे खरं असेल तर मी उद्याच पैसे भरते रे." तोच संदेश आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याआधी दोनदा येऊन गेला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता, याची आता लाज वाटते. त्यातले दावे असे: एजंटाशिवाय वैयक्तिक कर्ज मंजूर होत नाही, त्याची तीन ते पाच टक्के दलाली रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेली असून ती आगाऊ भरावी लागते, एजंट व्याज एक टक्क्याने खाली आणतो, आणि बिघडलेले सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, तो साफ करून देतो.

यातला आगाऊ दलालीचा दावा निव्वळ खोटा आहे आणि सर्वांत घातकही. रिझर्व्ह बँक कर्जाच्या एजंटांना परवाना देत नाही, मग त्यांचा दर ती कुठून ठरवणार? तिने ठरवले आहे ते नेमके उलट. १५ एप्रिल २०२४ च्या तिच्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या प्रत्येक नव्या किरकोळ, म्हणजे व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या, मुदत कर्जासाठी बँकेने किंवा वित्त कंपनीने ग्राहकाला त्याला समजणाऱ्या भाषेत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायचे आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक खर्चाचा एकच दर लिहायचा आहे आणि त्यात नसलेले कोणतेही शुल्क ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून मुदतीत कधीही लावता येत नाही. अ‍ॅपवरून कर्ज मिळवून देणाऱ्या मध्यस्थांबाबत तर नियम २०२२ पासूनच आहे: त्यांचे शुल्क कर्ज देणाऱ्या संस्थेने द्यायचे, त्यांनी ते ग्राहकाकडून घ्यायचे नाही.

आत्याला आलेले ‘सँक्शन लेटर’ मी पाहिले. मथळ्याला रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह, तळाला निळा गोल शिक्का, मध्ये तीन लाखांची रक्कम आणि ‘फाईल चार्ज ४,९९९ रुपये, कर्ज न झाल्यास परत’ ही ओळ. सोबतचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव आले ते कुठल्याही बँकेचे नव्हे, एका माणसाचे. बँकेची प्रोसेसिंग फी साधारणपणे कर्जाच्या रकमेतून वळती होते. ती कोणाच्या खासगी खात्यात आधी भरायची नसते. ज्यांनी असे पैसे भरले असतील, त्यांनी लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

व्याजाचा दावा हिशेबाला टिकत नाही. तीन लाखांचे कर्ज तीन वर्षांसाठी १५ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे १०,४०० रुपये येतो, १४ टक्क्यांनी सुमारे १०,२५३. म्हणजे एजंटाने खरोखरच एक टक्का कमी करून दिला, तरी छत्तीस हप्त्यांत वाचतात जेमतेम ५,३०० रुपये, आणि चार टक्क्यांनी त्याची दलाली होते १२,०००.

एजंटाशिवाय कर्जच होत नाही, हे तर शाखेत जाऊन विचारले तरी कळते. पण एवढे मान्य करावे लागेल की पगाराची स्लिप नसलेल्या, रोखीत धंदा करणाऱ्या आत्यासारख्यांना कोणती संस्था कर्ज देईल हे चांगल्या एजंटाला ठाऊक असते, आणि कागद जुळवताना तो हेलपाटे वाचवतो. मात्र बँकेने नेमलेल्या अशा एजंटाला, म्हणजे डीएसएला, कमिशन बँक देते.

सिबिल साफ करण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. खरी थकबाकी कोणीही पुसू शकत नाही. अहवालातली चूक दुरुस्त करायला मात्र पैसे लागत नाहीत. पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, आणि तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदारालाच मिळते.

आत्याने त्या एजंटाकडे की फॅक्ट स्टेटमेंट मागितले. त्याचे उत्तर तिने मला जसेच्या तसे पुढे पाठवले: "मॅडम, ते फाईल चार्ज भरल्यावर मिळतं."