आधी झाड की आधी उजेड? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेमागे स्वतः केलेलं काम दिसतं, म्हणून दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटलं नाही. इतर वाचकांसाठी आधी तिचा सारांश देतो. डिजिटल निसर्गचित्रात खरी वाटणारी झाडं कशी आणावीत, या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. झाडांच्या लेखात निम्मी जागा सूर्य, आकाश आणि एक्स्पोजर यांनीच घेतली, झाडाचं मॉडेल (संगणकातली त्रिमितीय आकृती) उत्तम असेल तर ते कुठल्याही प्रकाशात उत्तमच दिसतं, हा पहिला. आकडे भरून निसर्ग उभा राहत नाही, त्याला नजर लागते, हा दुसरा. आणि जंगल बहुतेक वेळा दुरूनच दिसतं, मग पानातून उजेड आरपार जाण्याची सोय करून रेंडर (संगणकाने अंतिम चित्र तयार करणं) कशाला ताणायचा, हा तिसरा. पुरावा म्हणून तुम्ही ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं स्वतःचं चित्र जोडलंत: उतारावरचं दाट रान, मधे मोकळी जागा, समोरून येणारं ऊन. उत्तर त्या चित्राच्याच आधाराने देतो.

पहिल्या आक्षेपावर माझं मत ठाम आहे. झाड आणि उजेड या दोन गोष्टी मला वेगळ्या काढताच येत नाहीत, कारण झाडाचा आकार बऱ्याच अंशी उजेडानेच घडवलेला असतो. तुमच्या चित्रातलं एकेक मॉडेल खरोखर देखणं आहे, सालीच्या भेगासुद्धा दिसतात. पण दाट रानाच्या मधोमध असलेल्या झाडांनाही जमिनीपर्यंत फांद्या आहेत. अशी झाडं मोकळ्या माळावर एकटी वाढतात. गर्दीत खालच्या फांद्यांना उजेड मिळत नाही, त्या स्वतःचा खर्च भागवण्याइतकंही अन्न तयार करू शकत नाहीत, वाळतात आणि गळून पडतात. म्हणून रानातल्या झाडाचं खोड लांब आणि उघडं, पर्णसंभार फक्त वर. मोकळ्या जागेच्या कडेची झाडं तर एकाच बाजूला पसरतात. तुमच्या चित्रात मधे एवढी ऐसपैस मोकळी जागा आहे, पण कडेच्या एकाही झाडाला तिची खबर नाही.

झाडं बनवण्याच्या पद्धतींचा इतिहासही याच दिशेने गेलेला आहे. ॲरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये साध्या सजीवांची वाढ नियमांच्या भाषेत मांडली आणि पुढे त्याच नियमांवर, म्हणजे एल-सिस्टिमवर, संगणकातली झाडं उभी राहिली. १९९५ मध्ये वेबर आणि पेन यांनी फांद्यांचे कोन, लांबी, वळण यांना मोजमापं दिली; ब्लेंडरसाठीचं सॅप्लिंग हे झाडं बनवण्याचं साधन त्यावरच बेतलेलं आहे. या दोन्हींत झाड मुख्यतः आपल्या आतल्या नियमांनी वाढतं. २००७ मध्ये रुनियन्स, लेन आणि प्रुसिंक्येविच यांनी पर्णसंभाराच्या जागेत बिंदू पसरले आणि फांद्यांना त्या बिंदूंकडे वाढू दिलं. ज्या बिंदूपर्यंत फांदी पोचली तो बिंदू संपला. म्हणजे फांद्या एकमेकींशी जागेसाठी झगडतात, आणि शेजारी झाड असेल तर त्याच्याशीही. त्या झाडांकडे पाहिलं की लगेच पटतं, कारण त्यात परिस्थिती दिसते. म्हणून माझा आग्रह असा की एकाच जातीची तीन झाडं ठेवा: एक मोकळ्यावरचं, एक कडेचं, एक आतलं. एका अप्रतिम मॉडेलच्या शेकडो प्रतींपेक्षा ही तीन साधी झाडं जास्त काम करतील.

तुमच्या उतारावरची झाडं उताराशी काटकोन करून उभी आहेत, तेही जाता जाता सांगतो. झाडं विखुरताना जमिनीच्या पृष्ठाशी जुळवून घेण्याचा पर्याय सुरू राहिला असावा. गवतासाठी तो थोडाफार चालतो, झाडांसाठी बंद करा. खोडाला गुरुत्वाकर्षण कळतं, उताराचा कोन नाही.

आता पानाकडे येतो, कारण तुमचं चित्र सर्वांत जास्त तिथे अडलं आहे. पानं काळी पडू नयेत म्हणून टेक्सचरचा (पृष्ठावर चढवलेल्या चित्राचा) हिरवा रंग उजळला, असं तुम्हीच लिहिलंय. काळी का पडत होती? सूर्य समोर असताना आपल्याला पानाची सावलीतली बाजू दिसते, आणि मटेरियलमध्ये (पृष्ठ उजेडाशी कसं वागतं ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) फक्त परावर्तन असेल तर त्या बाजूला उजेडच नसतो. खऱ्या पानात लाल आणि निळा प्रकाश बहुतेक शोषला जातो, पण हिरव्याचा साधारण दहावा भाग परत फिरतो आणि जवळपास तेवढाच आरपार येतो. आरपार आलेला उजेड जास्त पिवळसर आणि गडद रंगाचा असतो. परत फिरलेल्या उजेडात पानाच्या मेणचट थरावरची आकाशाची फिकी चमक मिसळलेली असते. म्हणून एकाच झाडाची उन्हाकडची बाजू राखाडीकडे झुकते आणि उन्हाविरुद्धची बाजू पेटल्यासारखी दिसते. हा फरक रंग उजळून येत नाही. उलट, आजूबाजूच्या झाडांची पानं प्लास्टिकची वाटू लागतात, आणि तुमच्या चित्रात नेमकं तेच झालंय. मटेरियलमध्ये ट्रान्सलुसंट, म्हणजे उजेड आरपार जाऊ देणारा, भाग मिसळा आणि मूळ रंग खाली आणा. नेहमीच्या ० ते २५५ च्या मापात हिरवा चॅनेल १०० च्या आसपास पुरतो. १८०-२०० ला गेलेलं पान त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी फारच जास्त उजेड परत देऊ लागतं.

पर्णसंभाराच्या आत जे काळे ठिपके दिसतात, त्यांचं कारण वेगळं आहे. तुमची पानं चौकोनी पट्ट्यांवर अल्फा (पारदर्शकतेचा नकाशा) लावून कापलेली आहेत. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये किरण अशा किती पारदर्शक पृष्ठांतून जाऊ शकतो याला मर्यादा असते, मूळ सेटिंग ८ आहे. दाट झाडात ही मर्यादा चटकन संपते आणि तिथे काळं उमटतं. मर्यादा वाढवा, किंवा जवळच्या झाडांना पानाच्या आकाराची खरी जाळी (मेश) द्या. ती बऱ्याचदा वेगवानही ठरते.

आणि कवडसे! खरं सांगायचं तर तो लेख मी कवडशांसाठीच लिहायला घेतला होता. तुमच्या जमिनीवर पानांच्या सावल्या कात्रीने कापलेल्या कागदासारख्या पडल्या आहेत. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याचं बिंब साधारण ०.५३ अंशांचं असतं. त्यामुळे १ मीटर उंचीवरच्या पानाच्या सावलीची कड सुमारे ९ मिलिमीटर विरते, आणि १० मीटरवरच्या पानाची सुमारे ९ सेंटिमीटर. म्हणजे गवताची सावली रेखीव, शेंड्याची सावली जवळजवळ नाहीशी. पानांमधल्या लहान फटी वेड्यावाकड्या असतात, तरी जमिनीवर गोल किंवा लंबगोल कवडसे पडतात, कारण प्रत्येक फट सूर्याचं चित्र खाली टाकते. खंडग्रास ग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे होतात. सूर्याच्या दिव्याला ०.५३ अंश हा कोन द्या, बस. तुमच्या चित्रात एवढा एकच आकडा बदलला तरी झाडांना उंची येईल, कारण सावलीची कड किती विरली यावरून डोळा पानाची उंची ओळखतो.

इथेच दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर येतं. नजर लागतेच. दिवसाची कुठली वेळ, ऊन कुठून, अंधार कुठे ठेवायचा, हे कुठलाही आकडा सांगणार नाही. पण ऊन आणि सावली यांचं प्रमाण आवडीनिवडीवर ठरत नाही. निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो, आणि फक्त आकाशाच्या उजेडावर असलेल्या सावलीत सुमारे १०,००० ते २०,०००. ब्लेंडर २.९० मध्ये आलेलं निशिता हे आकाशाचं गणिती मॉडेल त्यातल्या सूर्यासह वापरलंत तर हे प्रमाण आपोआप येतं, आणि सावलीतला निळेपणाही. तुम्ही आकाशाचा उजेड हाताने वाढवलाय, सावल्या दिसाव्यात म्हणून. त्यामुळे उन्हाचा जोरच गेला. आकाश मूळ मापावर आणा आणि एक्स्पोजर वाढवा. ऊन फारच फटफटीत झालं तर एजीएक्स (उजळ भाग सौम्य करणारी रंगरूपांतराची पद्धत) वापरा, ब्लेंडर ४.० पासून ते मूळ सेटिंगच आहे.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. दूरच्या डोंगरावरच्या झाडाला पानागणिक हिशेब नको. पिक्सार या ॲनिमेशन कंपनीच्या रॉबर्ट कुक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये यावर सुंदर उपाय मांडला: झाड दूर जाईल तशी पानं यदृच्छेने कमी करा आणि उरलेली मोठी करा, म्हणजे पानांचं एकूण क्षेत्रफळ तेवढंच राहतं. तसं जरूर करा. फक्त ट्रान्सलुसंट भाग अगदी काढून टाकू नका, कारण सूर्य समोर असताना दूरच्या रानाचीही वरची कड उजळते. शिवाय दूरच्या झाडांचा रंग पानांइतकाच मधली हवा ठरवते. हवेचे रेणू ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतात, आणि तो निळा आधी झाडांच्या गडद भागांवर चढतो. तुम्ही सगळ्यावर सारखं राखाडी धुकं टाकलंय, त्यात उजळ भागही गेले.

एक चाचणी करून बघा. टेक्सचर सगळी काढा, पानांना एकच मंद हिरवा ट्रान्सलुसंट रंग द्या, खोडांना आणि जमिनीला करडा, आणि वरचे बदल करून तोच कॅमेरा ठेवून पुन्हा रेंडर करा. माझा अंदाज आहे की सालीच्या भेगा नसतानाही ते रान आताच्यापेक्षा खरं दिसेल. तसं झालं नाही तर सेटिंग्जसह ते चित्र इथे नक्की टाका, कुठे अडलंय ते आपण मिळून बघू.