तिसऱ्याला मत म्हणजे समोरच्याला मत? जरा हिशोब करून बघू

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर एक फॉरवर्ड उगवतोच, २०१६ ला आला, २०२० ला आला, २०२४ ला तर आठवड्यातून तीन-तीनदा, आणि आता परवा कोणीतरी परत टाकला, पुढच्या निवडणुकीला एवढा वेळ आहे तरी. मजकूर साधारण असा: "ग्रीन पार्टी, लिबर्टेरियन, अपक्ष, कोणालाही दिलेलं मत थेट समोरच्याच्या खात्यात जातं. २००० ला नेडरने गोरना पाडलं, २०१६ ला जिल स्टाइनने हिलरींना पाडलं, २०२४ ला पण तेच. आपलं मत वाया घालवू नका." खाली हात जोडलेले दोन इमोजी. गंमत म्हणजे ग्रुपातले जे काका रिपब्लिकन आहेत त्यांच्याकडे याचीच दुसरी आवृत्ती आहे, तिच्यात १९९२ ला अपक्ष रॉस पेरोने थोरल्या बुशना पाडलं.

आधीच सांगते, मी स्वतः आजवर तिसऱ्याला मत दिलेलं नाही, त्यामुळे कोणाचा प्रचार वगैरे नाहीये हा. पण माझा भाचा मिशिगनला असतो, त्याने २०२४ ला लवकर मतदानातच ग्रीन पार्टीच्या स्टाइनना मत देऊन टाकलं आणि लक्ष्मीपूजनाच्या व्हिडिओ कॉलवर ते सांगितलं, आणि मग जो काही तमाशा झाला तो विचारू नका. माझी बहीण रडायची बाकी होती, मेव्हणे "तू त्यांनाच मत दिलंस, त्यांनाच" हे एकच वाक्य दहा वेळा म्हणाले. तेव्हापासून हा फॉरवर्ड दिसला की मला आकडे काढून बसावंसं वाटतं. आज बसलेच.

पहिलं म्हणजे ते "थेट समोरच्याच्या खात्यात जातं". हे साध्या वजाबाकीतच बसत नाही. समजा एक माणूस एरवी अ ला मत देणार होता. तो उठून ब कडे गेला तर अ चं एक कमी झालं आणि ब चं एक वाढलं, फरक दोनाचा. तोच माणूस क कडे गेला तर अ चं एक कमी, ब तिथेच, फरक एकाचा. म्हणजे तो घरी झोपून राहिला असता तर जे झालं असतं अगदी तेच. २०१६ ला मतदानाचा हक्क असलेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोक घरीच होते, त्यांना कोणी हात जोडून फॉरवर्ड पाठवत नाही, जो बिचारा रांगेत उभा राहून मत देऊन आला त्याच्यावर सगळ्यांचा राग. आणि त्यातही "एरवी अ ला देणार होता" हे आपण गृहीत धरतोय, ते त्याला कोणी विचारलंय का? मत अ च्या मालकीचं होतं आणि याने ते चोरून तिसऱ्याला नेऊन दिलं, असा सूर असतो. आपल्याकडे पण हेच, "मतं खाल्ली" म्हणतात. २०१९ च्या लोकसभेला नांदेडला अशोक चव्हाण साधारण ४० हजारांनी पडले, वंचितच्या उमेदवाराला दीड लाखाच्या वर मतं होती, तेव्हा मामाच्या घरी हाच शब्द ऐकला होता, खाल्ली. जणू ताट चव्हाणांचं वाढून ठेवलेलं होतं.

आता २०००. इथे मात्र मी फॉरवर्डवाल्यांना अर्धी बाजू देते, कारण हा त्यांचा सगळ्यात भारी पत्ता आहे आणि तो खोटा नाही. फ्लोरिडात रिपब्लिकन धाकटे बुश डेमोक्रॅट अल गोर यांच्याविरुद्ध ५३७ मतांनी जिंकले, साठ लाखांच्या आसपास मतांमध्ये पाचशे सदतीस! आणि ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडरना तिथे ९७,४८८. आता नेडर नसते तर ही सगळी गोरना मिळाली असती का, तर नाही. एक्झिट पोलमध्ये देशभरातल्या नेडरवाल्यांना विचारलं होतं, दोघंच असते तर काय केलं असतं, तर साधारण निम्मे म्हणाले गोर, पाचातला एक म्हणाला बुश, आणि बाकीचे म्हणाले मत द्यायला गेलोच नसतो. तरीही निम्म्यातून पाचवा भाग वजा केला तरी हजारोंची आघाडी उरते, ५३७ कुठल्याकुठे बुडून जातात. न्यू हॅम्पशायर तर कोणाच्या लक्षातच नसतं, तिथे बुश ७,२११ मतांनी जिंकले आणि नेडरना २२ हजारांच्या वर होती, आणि तिथली नुसती ४ इलेक्टोरल मतं (प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरलेली असतात, एकूण २७० जमली की राष्ट्राध्यक्ष) गोरना मिळाली असती तर फ्लोरिडाची गरजच उरली नसती. तेव्हा नेडर नसते तर गोर बहुतेक जिंकले असते, हे मान्य.

पण "बहुतेक जिंकले असते" आणि "नेडरने पाडलं" यात जो फरक आहे तोच तर सगळा मुद्दा आहे. फ्लोरिडाच्या मतपत्रिकेवर त्या वर्षी एकूण दहा उमेदवार होते. त्यातल्या शेवटच्याला, सोशालिस्ट वर्कर्स पार्टीच्या जेम्स हॅरिसना, किती मतं पडली माहितीये? ५६२. म्हणजे ज्याचं नाव आज एकालाही आठवत नाही त्या माणसाची मतंसुद्धा फरकापेक्षा जास्त आहेत, मग गोरना हॅरिसने पाडलं म्हणायचं का? फरक एवढा बारीक असला की ज्याच्याकडे बोट दाखवाल तो गुन्हेगार ठरतो. पाम बीच काउंटीची ती फुलपाखरी मतपत्रिका घ्या, नावं दोन्ही पानांवर आणि भोकं मधल्या एकाच रांगेत, त्यामुळे लोकांचा असा काही गोंधळ उडाला की तिथे रिफॉर्म पार्टीच्या कडव्या उजव्या पॅट ब्युकॅननना ३,४०७ मतं पडली. ज्यू पेन्शनरांच्या वस्तीत, ब्युकॅननना! खुद्द ब्युकॅनन म्हणाले की यातली बरीच माझी नसावीत. वर त्याच काउंटीत दोन-दोन भोकं पाडली म्हणून बाद झालेल्या मतपत्रिका १९ हजारांच्या वर. ही मतपत्रिका डिझाइन करणारी अधिकारी डेमोक्रॅटच होती, म्हातार्‍या लोकांना अक्षर मोठं दिसावं म्हणून तिने तशी केली होती. आणि मग १२ डिसेंबरचा सुप्रीम कोर्टाचा ५ विरुद्ध ४ निकाल, ज्याने फेरमोजणीच थांबली.

आणि मला सगळ्यात जास्त काय खटकतं सांगू, टेनेसी. गोर टेनेसीचे. तिथले सिनेटर होते, त्यांचे वडील तिथले सिनेटर होते. तिथे ते जवळपास ८० हजार मतांनी हरले, आणि नेडरना तिथे २० हजारही नव्हती. म्हणजे नेडरची सगळी मतं ओतली असती तरी घरचं राज्य गेलंच असतं. टेनेसीची ११ इलेक्टोरल मतं मिळाली असती तर फ्लोरिडात कोणी भोकं मोजत बसलं नसतं. पण ज्याला स्वतःच्या गावाने नाकारलं त्याच्या पराभवाचं खापर फोडायला नेडरचं डोकं बरं पडतं.

२०१६ कडे येऊ. इथे फॉरवर्डमध्ये तीन आकडे दिलेले असतात आणि ते आकडे बरोबर आहेत. मिशिगनमध्ये ट्रम्प आणि हिलरींमधला फरक १०,७०४, स्टाइनना ५१,४६३. विस्कॉन्सिनमध्ये फरक २२,७४८, स्टाइनना ३१,०७२. पेन्सिल्व्हेनियात फरक ४४,२९२, स्टाइनना ४९,९४१. बघा, तिन्हीकडे जास्त, सिद्ध झालं, असं म्हणून फॉरवर्ड संपतो. पण हिलरींना जिंकायला यातली दोन पुरली नसती, तिन्हीच्या तिन्ही लागली असती, त्यांच्या २३२ इलेक्टोरल मतांमध्ये मिशिगनचे १६ आणि पेन्सिल्व्हेनियाचे २० मिळवले तरी २६८ होतात, २७० नाही. मग पेन्सिल्व्हेनियात काय व्हायला हवं होतं? स्टाइनच्या ५० हजारांतल्या जवळपास ४७ हजारांनी हिलरींना मत द्यायला हवं होतं, आणि एकानेही घरी बसायचं नाही आणि उरलेल्यांनी तिकडे गेलं तरी चालेल, असा हिशोब. वरचा नेडरवाला एक्झिट पोल आठवा, निम्मे. शंभरातले नव्वद-पंच्याण्णव एका बाजूला जाणारे तिसऱ्या पक्षाचे मतदार मी तरी ऐकले नाहीत. शिवाय लिबर्टेरियन गॅरी जॉन्सनना या तिन्ही राज्यांत स्टाइनपेक्षा कितीतरी जास्त मतं होती, ती कुठे गेली असती? त्यातली बरीच ट्रम्पकडे, असं धरलं तर सगळं गणित उलटं फिरतं. फॉरवर्डमध्ये जॉन्सन नसतातच. आणि मिशिगनमध्ये ७५ हजारांवर मतदारांनी खालच्या पदांना मत दिलं आणि राष्ट्राध्यक्षाचा रकाना कोरा सोडला, ती तर स्टाइनच्या मतांपेक्षा जास्त, त्यांचं काय करणार?

२०२४ चं तर एका ओळीत संपतं, मिशिगनमध्ये फरक ८० हजारांचा आणि स्टाइनना ४४ हजारांच्या आसपास. सगळीच्या सगळी डेमोक्रॅट कमला हॅरिसना दिली तरी नाही पुरत. विस्कॉन्सिन, पेन्सिल्व्हेनियात पण नाही. आता डिअरबॉर्नमध्ये, जिथे अरब वस्ती मोठी आहे, स्टाइनना १८ टक्के होती हे खरं, पण तिथे पहिले ट्रम्प आले ४२ टक्क्यांनी, म्हणजे गाझावरून चिडलेले लोक नुसते तिसरीकडे नाही गेले, सरळ समोर पण गेले.

रिपब्लिकन काकांसाठी पेरो. काका, १९९२ ला पेरोंना १८.९ टक्के मतं पडली, जवळजवळ दोन कोटी, आणि इलेक्टोरल मत एकही नाही. पण एक्झिट पोलमध्ये त्यांचे मतदार बुश आणि क्लिंटन यांच्यात जवळपास सारखेच वाटले गेले होते. थोरले बुश ३७ टक्क्यांवर का आले ते अर्थव्यवस्थेला विचारा, आणि "नवे कर नाहीत" म्हणून सांगून नंतर वाढवले त्याला विचारा.

आता "वाया". आम्ही राहतो न्यू जर्सीत. इथे १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटच जिंकलेत, २०२४ ला बरीच घासली गेली तरी फरक अडीच लाखांच्या आसपास होता. या राज्याची १४ इलेक्टोरल मतं एकगठ्ठा जातात (मेन आणि नेब्रास्का सोडले तर सगळीकडे तसंच). इथे शेजारणीने लिबर्टेरियनला मत दिलं काय आणि मी हॅरिसना दिलं काय, निकालावर दोघींचा परिणाम शून्य, मग तिचंच तेवढं वाया आणि माझं नाही हे कसं? उलट तिच्या मताने निदान त्या पक्षाची टक्केवारी वाढते, आणि देशभरात ५ टक्के गाठले तर पुढच्या निवडणुकीला सरकारी निधी मिळू शकतो, पेरोंच्या पक्षाला २००० साली असेच सव्वा कोटी डॉलरच्या वर मिळाले होते. नेडर त्याच्याच मागे होते, अडकले २.७ वर. मिशिगनमध्ये राहणाऱ्याची गोष्ट वेगळी, तिथे विचार करावाच लागतो, आणि माझ्या भाच्याला मी तेच म्हणाले होते. पण एकच फॉरवर्ड न्यू जर्सीतल्या एडिसनला आणि मिशिगनमधल्या डेट्रॉइटला पाठवायचा म्हणजे सर्दीला आणि मलेरियाला एकच गोळी.

बरं, यावर उपाय नाही असंही नाही. मेनमध्ये २०२० पासून राष्ट्राध्यक्षालाही पसंतीक्रमाने मत देता येतं, नंतर अलास्कातही. पहिली पसंती ग्रीन, दुसरी डेमोक्रॅट, पहिला बाद झाला की मत दुसऱ्याकडे सरकतं. २०१८ ला मेनमध्ये काँग्रेसची (म्हणजे अमेरिकेच्या संसदेची) एक जागा अशीच फिरली, पहिल्या फेरीत मागे असलेले जॅरेड गोल्डन शेवटी जिंकले. महाराष्ट्रातल्या मंडळींना हे समजावायला नकोच, पदवीधर मतदारसंघात जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ लिहिलेलं असतं की आपण. बाबांबरोबर गेले होते तेव्हा बाबा दोनपर्यंत लिहून थांबले, म्हणाले बाकीच्यांना ओळखत नाही.

हे सगळं मी भाच्याला पण सांगितलं, म्हटलं तुझ्याकडे मिशिगनला अशी मतपत्रिका असती ना, तर आई रडली नसती, पहिला नंबर स्टाइन, दुसरा हॅरिस, विषय मिटला. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मावशी, दुसरा रकाना मी कोराच ठेवला असता."