‘निकाल आधीच ठरलेले असतात’ या रिव्ह्यूला लीगचालकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. थेट या उत्तरावर आलेल्यांसाठी आधी एवढंच: ही सिम लीग आहे, म्हणजे संगणकावर खेळली जाणारी फुटबॉल लीग. प्रत्येक मॅनेजर एक क्लब सांभाळतो आणि सामने ‘इंजिन’ नावाचा प्रोग्राम खेळवतो. आता तक्रारी थोडक्यात सांगतो. लाइनअप, म्हणजे सामन्यात उतरवायच्या खेळाडूंची यादी, चार मिनिटं उशिरा आली म्हणून घेतली नाही. बावीस शॉट मारूनही सामना 0-1 गेला, तेव्हा निकाल आधीच ठरलेला असणार. पक्की झालेली खेळाडूखरेदी कमिटीने रद्द केली. शेवटचा सामना एक दिवस पुढे ढकलून मिळाला नाही. गुण सारखे होते, विजेत्या क्लबला तुम्ही हरवलंही होतं, तरी करंडक गोलफरकावर (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) त्यांना गेला. आणि एवढं झाल्यावर अर्धी फी परत मागितली तर तीही नाही. भाषा तिखट आहे, पण हरलेल्या मॅनेजरने गोड लिहावं असा आमच्या नियमावलीत नियम नाही.

आधी त्या चार मिनिटांचं बघू, कारण पुढचं बरंचसं रामायण तिथूनच सुरू झालं. डेडलाइन रात्री 9 ची. तुमची फाइल आली 9 वाजून 4 मिनिटांनी. ‘चार मिनिटांनी असं काय बिघडणार होतं’ हा प्रश्न ऐकायला बिनतोड आहे. पण 9 वाजता नुसतं दार बंद होत नाही, त्याच क्षणी दोन्ही संघांच्या लाइनअप सगळ्यांना दिसायला लागतात. समोरच्याने एक स्ट्रायकर ठेवलाय की दोन, त्याची चौघांची बचावफळी खाली बसलीय की वर चढलीय, प्लेमेकर दुखापतीमुळे बाहेर आहे का, हे 9 वाजून 4 मिनिटांनी फाइल पाठवणाऱ्यासमोर उघडं असतं. तुम्ही ते बघून पाठवलंत असं मी म्हणत नाही. मला ते तपासता येत नाही, आणि माणसाच्या हेतूचा अंदाज बांधून सवलत द्यायला मी बसलो की पहिली सवलत ओळखीच्याला मिळणार, हे मला स्वतःबद्दल चांगलं ठाऊक आहे. म्हणून घड्याळ सर्व्हरचं आणि निर्णयही सर्व्हरचा.

लाइनअप आली नाही तर आधीच्या फेरीतली वैध लाइनअप जशीच्या तशी लागते. निलंबित किंवा जखमी खेळाडूच्या जागी बेंचवरचा त्याच पोझिशनचा खेळाडू येतो, आणि तसा कुणी नसेल तर बेंचच्या यादीतलं पहिलं नाव. तुमचा एक सेंटर बॅक पाच पिवळी कार्डं झाल्यामुळे बाहेर होता. बेंचवर तुम्ही एकही डिफेंडर ठेवलेला नव्हता आणि यादीत पहिलं नाव होतं तुमच्या तरुण राइट विंगरचं. तो सेंटर बॅकला उभा राहिला. ‘सिस्टिमने मुद्दाम विंगर मागे घातला’ असं तुम्ही लिहिलंय. सिस्टिमला मुद्दाम काही करता येत असतं तर माझी निम्मी कामं तिने केली असती.

आता सामन्याचा लॉग उघडून बघा, तो सगळ्यांना खुला आहे. 71 व्या मिनिटाला कॉर्नर, दूरच्या पोस्टवर उंच चेंडू, तुमच्या त्या विंगरच्या डोक्यावरून हेडर, गोल. मग 82 व्या मिनिटाला नवा स्ट्रायकर उतरवायची तुमची सूचना होती, ती अमलात आली नाही. कारण त्याआधी तुमचे तीन बदल 58, 66 आणि 74 व्या मिनिटाला एकेक करून झाले होते. खऱ्या फुटबॉलमध्ये 2022 पासून पाच बदलांचा नियम कायम झाला तो या अटीसह, की हे पाच बदल खेळ थांबवून जास्तीत जास्त तीन वेळा करायचे आणि हाफटाइमची वेळ त्यात धरायची नाही. आपलं इंजिन तेच पाळतं. तीन थांबे 74 व्या मिनिटालाच संपले होते, मग हातात दोन बदल शिल्लक असूनही चौथा थांबा मिळत नाही. पहिला बदल 58 ऐवजी हाफटाइमला टाकलेला असता तर तुमचा स्ट्रायकर 82 व्या मिनिटाला मैदानात असता. त्याने गोल केलाच असता असं अर्थातच कुणी सांगू शकत नाही.

राहिले बावीस शॉट. आकडा खरा आहे, पण त्यातले पंधरा पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून आहेत. इंजिन प्रत्येक शॉटला गोल होण्याची शक्यता लावतं, ज्याला सगळे एक्सजी म्हणतात. पेनल्टीची किंमत पाऊणच्या थोडी वर धरली जाते. लांबून, गर्दीतून मारलेल्या शॉटची किंमत 0.03 च्या आसपास. पंधरा शॉटचे मिळून झाले 0.45. आतले सात सरासरी 0.12 चे, त्यांचे 0.84. म्हणजे बावीस शॉट मिळून सव्वा गोलाच्या जरासंच पुढे. एवढ्या एक्सजीवर एकही गोल न होण्याची शक्यता काढून बघा, साधा गुणाकार आहे: 0.97 पंधरा वेळा, 0.88 सात वेळा. उत्तर सुमारे 26 टक्के येतं. म्हणजे असे चार सामने खेळलात तर त्यातला एक कोरडा जाणार. फुटबॉलमध्ये गोल कमी पडतात म्हणूनच दुबळा संघ अधूनमधून बलाढ्य संघाला चकवतो, आणि हे ज्या इंजिनमध्ये होत नाही ते इंजिन मी विकत घेणार नाही.

‘निकाल आधीच ठरलेला’ या आरोपाबद्दल मात्र मी थोडा जास्त बोलणार, कारण तो खरा असेल तर बाकी नियमांना कवडीचीही किंमत नाही. प्रत्येक फेरीचे यादृच्छिक आकडे एका सीडवरून, म्हणजे सुरुवातीच्या एका गुप्त आकड्यावरून, निघतात. लाइनअप उघडायच्या आधी आम्ही त्या सीडचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेली खूण, जाहीर करतो आणि सामने संपल्यावर सीड. सीडवरून हॅश काढणं चुटकीसरशी होतं, पण हॅशवरून सीड काढता येत नाही. त्यामुळे सीड आम्ही मागाहून बदललं तर दोन्हींचा मेळ बसणार नाही. तेच सीड आणि त्याच दोन लाइनअप इंजिनला दिल्या की तोच सामना मिनिटागणिक पुन्हा घडतो, कॉर्नर 71 व्याच मिनिटाला पडतो. तुमच्या सामन्याचं सीड निकालाच्या पानावर आहे. कुणालाही चालवून बघता येईल, माझ्या शब्दावर विसंबायची गरज नाही.

खरेदी रद्द झाली त्याचा राग मी समजू शकतो. एकोणीस वर्षांचा स्ट्रायकर, वाढीला भरपूर वाव, आणि किंमत एखाद्या राखीव गोलकीपरची. पण विकणारा कोण होता? सीझन सोडतोय असं आदल्या रात्री जाहीर करून मोकळा झालेला मॅनेजर. सिम लीगमध्ये घोडं नेमकं इथे पेंड खातं. जायचं ठरलेल्या माणसाला आपल्या क्लबचं पुढे काय होईल याच्याशी काही देणंघेणं उरत नाही. तो चांगले खेळाडू मित्रांना वाटून टाकतो, तेही प्रेमाने, वर वाटतं की आपण दिलदार आहोत. त्यानंतर तो क्लब घ्यायला येणाऱ्या नव्या माणसाच्या हाती सांगाडा येतो, तो दोन-तीन फेऱ्यांत कंटाळून जातो आणि क्लब पुन्हा रिकामा. असे रिकामे क्लब वाढत गेले की लीग निकालांनी नाही, कंटाळ्याने मरते. म्हणून सोडतोय म्हटल्याक्षणी क्लब गोठवला जातो: खरेदी नाही, विक्री नाही, करारवाढही नाही. नवा मालक आला की सगळं पुन्हा खुलं. कमिटीतल्या तिघांचंही मत सारखंच पडलं, आणि त्यातल्या एकाला तोच खेळाडू तुमच्या आधीपासून हवा होता, हे सांगायला हरकत नसावी. हा नियम नसता तर वाहत्या गंगेत हात धुवायला तोही मोकळा होता.

याच कारणासाठी बेवारस क्लबविरुद्ध आम्ही 3-0 चा वॉकओव्हर देत नाही. खऱ्या स्पर्धांत सामना सोडणाऱ्याविरुद्ध 3-0 लावायची पद्धत आहे, मान्य. पण तिथे ते अपवादाने होतं. इथे एखादा क्लब सीझनच्या मध्यावर रिकामा झाला तर ज्यांचे सामने त्याच्याशी आधीच झालेत त्यांनी घाम गाळलेला असतो आणि उरलेल्यांना तीन-तीन गोल बसल्या जागी मिळतात. गोलफरकावर करंडक ठरणाऱ्या लीगमध्ये ही उधळपट्टी परवडत नाही. म्हणून बेवारस क्लब इंजिन चालवतं, शाबूत संघ आणि सावध डावपेच घेऊन. गेल्या सीझनमध्ये अशाच एका क्लबशी तुमची बरोबरी झाली होती, त्याचा उल्लेख रिव्ह्यूत नाही.

गोलफरकाबद्दल. दोघांचे गुण सारखे झाले तर आपसातले सामने आधी बघावेत, ही तुमची सूचना वेडगळ मुळीच नाही. स्पेनच्या ला लिगात तेच आधी बघतात. इंग्लंडमध्ये गोलफरक आधी. 2012 मध्ये मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड दोघेही 89 गुणांवर संपले आणि सिटीला विजेतेपद मिळालं ते 64 विरुद्ध 56 अशा गोलफरकावर. त्याआधी 1989 मध्ये आर्सेनल आणि लिव्हरपूल यांचे गुणही सारखे, गोलफरकही सारखा, आणि आर्सेनलने 73 गोल केले होते, लिव्हरपूलने 65, एवढ्यावर फैसला झाला. दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ते एकच: तक्ता समोर आल्यावर पद्धत निवडणं. आपली पद्धत सीझनच्या आधी सगळ्यांनी स्वीकारलेल्या नियमावलीत होती. मला स्वतःला गोलफरक बरा वाटतो, कारण त्यात तळाच्या संघाविरुद्धचा सामनाही शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत राहतो. तुम्ही 3-0 पुढे असताना चार वेळा मुख्य खेळाडूंना विश्रांती दिलीत. तो डावपेच चुकीचा नव्हता, पण त्याची किंमत याच रकान्यात चुकती होते.

शेवटचा सामना पुढे ढकलला नाही, त्याला कारण 1982 च्या विश्वचषकात आहे. अल्जीरियाचा गटातला शेवटचा सामना आदल्या दिवशी उरकला होता. त्यामुळे 25 जूनला स्पेनमधल्या हिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया उतरले तेव्हा कोणता निकाल दोघांनाही पुढे नेईल हे दोघांना माहीत होतं. जर्मनीने दहाव्या मिनिटाच्या सुमारास गोल केला, मग उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे फिरत राहिला आणि अल्जीरिया घरी गेला. 1986 च्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होतात. आपल्याकडेही शेवटच्या फेरीतले आठही सामने एकाच वेळी चालतात. तुमचा सामना एक दिवसाने घेतला असता तर किती गोल हवेत हे नेमकं कळूनच तुम्ही लाइनअप लिहिली असती.

फीबद्दल लांबड लावत नाही. पहिल्या फेरीआधी सोडलं तर पूर्ण परत, त्यानंतर काही नाही, आणि तुम्ही तर शेवटची, तिसावी फेरीही खेळलात, दुसरे आलात. दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस तुमच्या खात्यात जमा आहे, तेही रिव्ह्यूत दिसलं नाही.

तुमच्या दोन सूचना मतदानाला ठेवतोय: गुण सारखे असल्यास आपसातला निकाल आधी बघणं, आणि बेंचवर डिफेंडर नसेल तर डेडलाइनच्या तासभर आधी मॅनेजरला सूचना जाणं. दुसरीला माझं स्वतःचं मत हो आहे. मंजूर झालेला बदल पुढच्या सीझनपासून लागू होईल, चालू तक्त्याला हात लागणार नाही. खऱ्या खेळातही नियमांतले बदल 1 जुलैपासून लागू होतात, ते यासाठीच. मतदान सगळ्या सोळा मॅनेजरांचं आहे आणि तुमचं मत त्यात धरलेलं आहे. क्लब ठेवायचा की सोडायचा ते मात्र ट्रान्सफर विंडो उघडायच्या आत कळवा, कारण तोपर्यंत उत्तर आलं नाही तर तुमचा क्लबही गोठवावा लागेल.