चालू इंजिनवर इंजेक्टरचा नट ढिला करायचा नाही

‘गॅरेजवाल्यांची लूट थांबवा, डिझेल फिल्टर स्वतः बदला’ हा मेसेज कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर मोबाइल टू मोबाइल फिरतोय. आता तो माझ्या भाच्यापर्यंत आला. पोरगा नुकताच कामाला लागलाय, मला विचारतो, “मामा, असं केलं तर चालतं ना?” नाही चालत.

मेसेज म्हणतो: जुना फिल्टर पेट्रोलने धुवा, हवा मारा, परत बसवा. टाकीत थोडं रॉकेल ओता, पंप साफ राहतो. फिल्टरच्या तळाचं पाणी रोज सोडा. आणि इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर ते चालू ठेवून इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो) पाइपचा एकेक नट ढिला करा, कुठला सिलिंडर बंद आहे ते कळेल.

पाण्याचं बरोबर आहे, तेवढं मान्य. फिल्टरचा कागद मात्र धुवायचा नसतोच. हवेच्या झोताने तो फाटतो, नाहीतर कचरा स्वच्छ बाजूला जातो आणि तिथून सरळ पंपात. रॉकेलाने पंप साफ होत नाही, झिजतो. पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, आणि रॉकेल त्या मानाने कोरडं. शिवाय ती भेसळ, म्हणजे गुन्हा.

आता नट. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांवर उस्ताद लोक हे करायचे, मी डोळ्यांनी पाहिलंय. धोका तेव्हाही होताच. पण एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 ट्रकांत कॉमन रेल असते, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी एकच जाड नळी, आणि त्या रेलमधला दाब 1600 ते 2000 बारपर्यंत जातो. ट्रकच्या टायरात असतो साधारण 8 बार. कुठल्याही कॉमन रेल इंजिनचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा, इशारा ठळक अक्षरांत सापडेल: इंजिन चालू असताना हाय प्रेशर लाइन सोडायची नाही, बंद केल्यावरही दाब उतरेपर्यंत थांबायचं. किती मिनिटं, तेही त्यातच दिलेलं असतं.

मिसिंग शोधायला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारं यंत्र) लावा, इंजेक्टरचा रिटर्न, म्हणजे त्यातून परत जाणारं डिझेल, मोजा. फिल्टर बदलल्यावर हवा काढायला फिल्टरच्या हाउसिंगवरचा हातपंप आहे, तो कडक होईस्तोवर मारा. गळती बघायला पुठ्ठा धरा, बोट नाही.

कारण गळतीतून उडणारी डिझेलची धार डोळ्याला दिसतही नाही. हातमोज्यातून आरपार जाते. बोटावर सुई टोचल्यासारखा ठिपका, रक्त जवळजवळ नाही, सुरुवातीला दुखतही नाही. माणूस हात पुसून परत कामाला लागतो. आत मात्र डिझेल स्नायूंच्या कडेने पसरत असतं, काही तासांत हात सुजतो, रक्तपुरवठा तुटतो, आणि उशीर झाला तर बोट कापावं लागतं. असं झालं तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी जाऊ नका. शस्त्रक्रियेची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, ‘प्रेशरने डिझेल आत गेलंय.’