शिळं कशाला म्हणायचं?

रविवारी मी आठवड्याची आमटी-उसळ एकदम शिजवते. हे कळलं की नात्यातल्या बायका विचारतात, "पोरांना शिळं घालतीस व्हय?" दर वेळी मनाला लागतं.

उन्हाळ्यात आपण सांगलीतल्या कितीतरी बायका डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटायच्या गिरणीत जाऊन वर्षाची तिखट चटणी कुटून आणतो, बरणीत हिंगाचा खडा ठेवतो. तिला कुणी शिळी म्हणत नाही. ती कोरडी असते म्हणून टिकते. आमटीत पाणी आहे, म्हणून तिला वेगळं जपावं लागतं, एवढंच.

हे मी धडा घेऊन शिकले. एकदा भाताचं पातेलं रात्रभर ओट्यावर राहिलं. सकाळी वास नव्हता, फोडणी देऊन खायला दिला. दुपारपर्यंत धाकटी उलट्यांनी गळून गेली. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे घात झाला तो पातेलं तसंच बाहेर ठेवल्यामुळं.

तेव्हापासून किलोभर अख्खा मसूर शिजवला की परातीत पसरते, पंख्याखाली. मोठ्या पातेल्यात मधला भाग तासन्‌तास गरम राहतो. 2 तासांच्या आत छोट्या डब्यांतून फ्रिजमध्ये. 3 दिवसांचं खाली, बाकीचं फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर. तिथं जिवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात, म्हणून आदल्या रात्री डबा खालच्या कप्प्यात काढायचा आणि दुसऱ्या दिवशी चांगली उकळी आणायची. एकदा गरम केलेलं परत ठेवायचं नाही. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही, बंद फ्रिज साधारण 4 तास तग धरतो. बटाटा मात्र फ्रीजरमध्ये घालू नका, रवाळ होतो. कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये झकास राहतं.

भाकरी कधीच साठवत नाही. ती तव्यावरचीच पाहिजे, यावर मी सासूबाईंच्या बाजूची आहे.

आणि रविवारचे कांदे हे चिरतात, डबे थोरला भरतो. रोज संध्याकाळी दोन तास ओट्याशी उभी राहणारी बाई कुणाला दिसत नाही, तिनं एक दिवस सगळ्यांना हाताशी घेतलं की लगेच शिळं दिसतं, हे मला पटत नाही.

बुधवारी कामावरून यायला साडेसात होतात. मसूर उकळेपर्यंत मी भाकरी थापते. धाकटी पिठाचा गोळा घेऊन शेजारी बसते आणि शाळेतलं सगळं सांगते.