ओनरचं उत्तर : बॅटला उशीर झाला, मान्य. पण आयसीएल कॉपी नव्हती

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढायच्या वेळी मुलीने मोबाईलवर वाचून दाखवला. एक स्टार. हॅण्डल बदलून द्यायला चार दिवस उशीर केला, वर मालकाने अर्धा तास झी टीव्हीवाल्या सुभाष चंद्रांची वकिली करून डोकं खाल्लं, आयपीएलची कॉपी मारून प्लेअरांचे पैसे बुडवणाऱ्या माणसाच्या इंडियन क्रिकेट लीगचा, म्हणजे आयसीएलचा, फोटो दुकानात लावलाय, इथे जाऊ नका, असं लिहिलंय तुम्ही.

उशिराबद्दल सॉरी, मनापासून. शनिवारी देतो म्हणालो आणि बुधवारी दिली, मधे तुमची रविवारची मॅच दुसऱ्याच्या बॅटने खेळावी लागली. कारागीर गावच्या जत्रेला गेलेला, पण ते मी फोन करून सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं. ग्लू नीट सुकायच्या आधी धागा गुंडाळून दिला असता तर शनिवारीही देता आली असती, पण तशी बॅट मी कोणाला देत नाही, दोन ओव्हरमध्ये हॅण्डल हलतं. असो, ती चूक माझी आणि त्यावर मला जास्त बोलायचं नाही.

आता त्या अर्ध्या तासाचं. तुम्ही आलात आठ चाळीसला, दुकान साडेआठला बंद होतं हे बोर्डावर लिहिलंय, तरी मी अर्धं शटर वर करून तुम्हाला आत घेतलं. भिंतीवरच्या फ्रेमकडे बघून "हे काय ठेवलंय, फ्लॉप लीगचं" हे तुम्हीच म्हणालात. मी स्वतःहून विषय काढला नव्हता. तुमच्याबरोबरचे मित्र हसले, ते मला लागलं, आणि मग मी बोललो, थोडं जास्त बोललो असेन. पण "कॉपी" हा शब्द तुम्ही सगळ्या जगाला दिसेल असा लिहिलात म्हणून आता इथे तारखा सांगतो, कारण दुकानात तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंच नाही.

२००७ चा मार्च आठवा. वेस्ट इंडीजमधल्या वर्ल्ड कपात आपण बांगलादेशकडून हरलो, मग श्रीलंकेकडून, आणि पहिल्याच फेरीत घरी आलो. एप्रिलमध्ये सुभाष चंद्रांनी इंडियन क्रिकेट लीगची घोषणा केली. आयपीएलची घोषणा झाली १३ सप्टेंबर २००७ ला. आपण टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलो तो २४ सप्टेंबरला, म्हणजे या देशाला टी-ट्वेंटीचं वेड लागायच्या कितीतरी आधी एका माणसाने स्वतःचे पैसे लावून टीम बांधायला घेतल्या होत्या. आयसीएलची पहिली मॅच ३० नोव्हेंबर २००७, पंचकुला. आयपीएलची पहिली मॅच १८ एप्रिल २००८, बंगळुरू, मॅक्युलमच्या १५८ धावांवाली. मधे १४० दिवस जातात, मी कॅलेंडर घेऊन मोजलेत. आयपीएल सुरू करणाऱ्या ललित मोदींच्या डोक्यात अशी लीग फार आधीपासून होती म्हणतात, असेलही, मी त्यांचं श्रेय काढून घेत नाही. पण मैदानात आधी कोण उतरलं याचं उत्तर एकच आहे आणि त्याला कॉपी म्हणणं मला सहन होत नाही दादा, खरंच नाही होत.

बरं हे त्यांनी का केलं, तर राग होता, ते मी पण म्हणतो. २००४ ला क्रिकेटच्या टीव्ही हक्कांसाठी झीने सगळ्यात मोठी बोली लावली होती, क्रिकेट बोर्डाने टेंडरच रद्द केलं, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००५ मध्ये कोर्टाने निकाल दिला की बोर्ड म्हणजे काही सरकार नाही. २००६ ला परत हक्क दुसरीकडे गेले. मग त्या माणसाने ठरवलं की मॅच दाखवायला मिळत नाहीत तर मॅचच आपण भरवू. ऑस्ट्रेलियात १९७७ ला टीव्ही चॅनलवाल्या केरी पॅकरने हेच केलं होतं, त्यालाही टीव्ही हक्क मिळाले नव्हते, त्यालाही तेव्हा सर्कसवाला म्हणाले, आणि आज रंगीत कपडे, पांढरा बॉल, लाइटमधल्या मॅच बघताना कोणी त्याला शिव्या देत नाही. आपल्या माणसाला मात्र अजून शिव्याच.

आणि काय काय झालं त्यांच्याबरोबर. बोर्डाची मैदानं मिळाली नाहीत म्हणून पंचकुलाला जावं लागलं. तिकडे जाणाऱ्या पोरांवर बंदी. कपिल देव, ज्यांनी आपल्याला १९८३ दाखवलं, ते आयसीएलबरोबर गेले म्हणून ऑगस्ट २००७ मध्ये त्यांना नॅशनल क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून काढलं, बोर्डाशी परत जमायला २०१२ उजाडलं. दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं की आयसीएलमध्ये गेले म्हणून प्लेअरांचे चालू करार तोडू नका. आयसीसीने मान्यता दिली नाही. इतकं सगळं अंगावर असताना लाराला मुंबई चॅम्प्सचा कॅप्टन केला, संदीप पाटील कोच, इंझमामची लाहोर बादशाह आणली, आणि जिंकणाऱ्या टीमला दहा लाख डॉलर ठेवले. पहिल्या वर्षी चेन्नई सुपरस्टार्स जिंकली, नंतर हैदराबाद हीरोज, मग लाहोर. आम्ही झी स्पोर्ट्सवर सगळं बघितलंय, दुकानात छोटा टीव्ही होता तेव्हा.

तुम्ही म्हणाल तुला काय एवढं पडलंय. सांगतो. मी जिल्ह्याकडून खेळलोय, पुढे नाही जमलं. आपल्याकडे रणजीच्या टीम तीन, मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ, एका वेळी खेळणार तेहतीस जणं, बाकी सगळ्या पोरांना रेल्वेत नाहीतर बँकेत चिकटता येतं का बघायचं, नाहीतर माझ्यासारखं दुकान टाकायचं. माझ्या गिऱ्हाइकांत असे किती होते जे सत्ताविसाव्या वर्षी किट विकायला माझ्याकडेच घेऊन आले, स्वतःची बॅट काउंटरवर ठेवताना नजर वर करायचे नाहीत. त्यांच्यासाठी कोणीतरी पहिल्यांदा दुसरा दरवाजा उघडला होता. आपला ओपनर धीरज जाधव गेला, हैदराबादकडून अंबाती रायुडू आणि स्टुअर्ट बिन्नी खेळले. तोच रायुडू पुढे इंडियाकडून खेळला, त्याच बिन्नीने २०१४ ला मीरपूरला बांगलादेशविरुद्ध ४ धावांत ६ काढल्या. फ्लॉप लीगमधली पोरं होती का ही? फ्रेममधलं कात्रण मुंबई चॅम्प्सचं आहे, डिसेंबर २००७ चं, ते मी या पोरांसाठी लावलंय.

पैशाचं. हे तुमचं बरोबर आहे आणि तेवढं मी दुकानातही मान्य केलं होतं, ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. शेवटी शेवटी प्लेअरांचे पैसे थकल्याच्या बातम्या आल्या होत्या, ज्याने करार केला त्याने पैसे द्यायलाच पाहिजेत, त्यात मी त्यांची बाजू घेणार नाही. पण तो काळ पण बघा, २००८ ची मंदी, मग २६ नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला, समोर आयपीएल उभी राहिलेली, आणि २००९ मध्ये लीग संपली. बोर्डाने माफी देऊ केल्यावर पोरं परत गेली. बुडवायलाच निघालेला माणूस एवढ्यासाठी स्वतःचं नाव पणाला लावत नाही असं माझं मत आहे. पुढे २०१९ च्या जानेवारीत कर्ज फेडता येईना तेव्हा त्यांनी उघड पत्र लिहून कर्ज देणाऱ्यांची माफी मागितली, नंतर झीमधला हिस्सा विकला. बाकी त्यांच्या कंपन्यांच्या ज्या केसेस आहेत त्या कोर्ट बघेल, मी त्यातला जाणकार नाही. मी फक्त लीगबद्दल बोलतोय.

दादा, मला फोन न करता पहिल्यांदा रिव्ह्यूच टाकलात याचं वाईट वाटलं. एप्रिल-मे आमचा सीझन, समर कॅम्पच्या पोरांचे आईवडील आधी स्टार बघतात आणि मग दुकानात येतात, जून लागला की चार महिने ग्रिपसुद्धा विकली जात नाही. तुमच्या रिव्ह्यूत हॅण्डलच्या कामाबद्दल एक शब्द वाईट नाही, म्हणजे काम चांगलं झालंय ना? मग एक स्टार उशिराला आहे का माझ्या मताला? उशिराला असेल तर घेतो, अजून एक कमी असता तरी घेतला असता.

यापुढे रिपेअरला तारीख देताना आम्ही काळजी घेऊ, उशीर होणार असेल तर मेसेज जाईल असं बघतोय, मुलगी त्याचं काहीतरी मोबाईलवर लावून देणार आहे. गिऱ्हाइकाला घाई असेल तर मी पण गप्प बसायचा प्रयत्न करीन. फ्रेम काढणार नाही.

तुमच्या बॅटला नवीन ग्रिप माझ्याकडून, पैसे नकोत. टो गार्ड पण सुटत आलाय, बुधवारी बघितलं होतं मी, तो पण लावून देतो. कारागीर आलाय परत. साडेआठच्या आत या फक्त, आणि जमलं तर रिव्ह्यूचं बघा.